समुपदेशकाची फी: संकोच कोणाचा आणि भार कोणावर?

मुळाकाठ (समुपदेशक, पुणे)

मी गेली नऊ वर्षे पुण्यात खासगी समुपदेशन करते. त्यांपैकी पहिली सहा वर्षे माझी फी सत्राला ७०० रुपये होती आणि ती तेवढीच का, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. व्यवसाय सुरू करताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा आकडा सुचवला आणि मी तो धरून ठेवला. सातव्या वर्षी प्रथमच वही घेऊन हिशेब मांडला, तो येथे जसाच्या तसा देते, कारण आपल्या क्षेत्रात तत्त्वांची चर्चा पुष्कळ होते आणि आकडे मात्र कोणी समोर ठेवत नाही.

पन्नास मिनिटांचे सत्र, त्यानंतर नोंदींसाठी दहा मिनिटे. आठवड्याला वीस सत्रांच्या पुढे गेले की माझे ऐकणे पातळ होते, हे मला अनुभवाने कळले आहे. सण, आजारपण आणि सुट्ट्या वगळून वर्षाचे ४४ आठवडे धरले तर ८८० सत्रे होतात. ऐनवेळी रद्द होणारी वजा केली की साधारण ७५० उरतात. ७०० रुपयांनी त्यांचे ५,२५,००० झाले. खर्चाच्या बाजूला खोलीचे भाडे २,१६,०००, महिन्यातून दोनदा घेतलेल्या सुपरव्हिजनचे (म्हणजे आपल्या कामाविषयी अनुभवी समुपदेशकाकडून घेतलेल्या मार्गदर्शनाचे) ४८,०००, वीज, फोन, इंटरनेट आणि साफसफाईचे ४२,००० आणि प्रशिक्षणाचे ३०,०००. बेरीज ३,३६,०००. हाती राहिले १,८९,०००, म्हणजे महिन्याला १५,७५०. माझ्या ओळखीतील बहुतेक समुपदेशक स्त्रिया आहेत आणि घरात नवऱ्याचा पगार आहे म्हणून त्यांचा व्यवसाय तग धरून आहे. ज्याला आपण सेवाभाव म्हणतो, त्याचा खर्च पुष्कळदा घरातील दुसरी व्यक्ती उचलत असते आणि तिला कोणी विचारलेले नसते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. एका क्लायंटची पाच सत्रांची फी, म्हणजे ३,५०० रुपये, थकली होती. मी मागितली नाही. सत्रात मी तिला कार्यालयात ठामपणे नकार कसा द्यावा हे सांगत होते आणि मनात मात्र तिच्याविषयी एक बारीक नाराजी साठत होती, जी माझ्या प्रश्नांच्या सुरातही उतरू लागली होती. शेवटी धीर करून मी विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही मागितले असते तर त्याच दिवशी दिले असते. पैशांविषयी बोललेले तुम्हाला आवडत नसावे, असे मला वाटले." माझा संकोच तिने ओळखला होता आणि ती तो सांभाळत होती. सांभाळून घेणे हीच तिची मूळ अडचण असताना मी तिला त्याचाच आणखी सराव करून देत होते.

म्हणून माझे मत असे आहे की हिशेब करून फी ठरवणे, ती पहिल्या सत्रापूर्वी लेखी सांगणे आणि थकल्यास मागणे हा उपचाराचाच भाग आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१३ मध्ये उपचारांच्या आरंभाविषयी लिहिताना म्हटले होते की सुसंस्कृत माणसे पैशाच्या बाबतीत लैंगिकतेच्या बाबतीत असते तितकीच दांभिक असतात आणि उपचारकाने ती दांभिकता स्वतःपासून दूर ठेवावी. आता माझी फी १,२०० आहे आणि या बदलाबद्दल मला खंत वाटत नाही.

गोदाकाठ (समुपदेशक, नाशिक)

आपण हिशेब मांडला हे फार चांगले केले, पण तो एकाच बाजूने मांडला आहे. दुसरी बाजू मी मांडते. आठवड्याला एक सत्र म्हणजे महिन्याला ४,८००. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत १८,००० रुपयांवर काम करणाऱ्या मुलाला ही रक्कम म्हणजे पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक होते. त्याने कोठे जावे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंता यांसारख्या सर्वसामान्य विकारांच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत, असे आढळले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांवर शारीरिक आजारांइतकेच संरक्षण मानसिक आजारांना देण्याचे बंधन घातले खरे, परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती होण्याभोवती रचलेल्या असतात आणि दर आठवड्याच्या समुपदेशनाची फी माणसाला स्वतःच्याच खिशातून भरावी लागते.

आपण फ्रॉइडचा १९१३ चा लेख सांगितला, तर त्याचेच १९१८ मधील बुडापेस्टचे भाषणही सांगायला हवे. गरिबाला शस्त्रक्रियेवर जितका हक्क आहे तितकाच मानसोपचारावर आहे, हे समाजाला एक दिवस पटेल, असे तो तेथे म्हणाला आणि त्यानंतर त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये बर्लिनला आणि १९२२ मध्ये व्हिएन्नात ऐपत नसलेल्यांसाठी चिकित्सालये उघडली.

माझा खरा आक्षेप हल्ली आपल्या पेशात ऐकू येणाऱ्या 'मनी माइंडसेट', म्हणजे पैशाविषयीची मनोवृत्ती, या शब्दाला आहे. गेली काही वर्षे समुपदेशकांसाठी या नावाच्या कार्यशाळांच्या जाहिराती मला रोज दिसतात. फी वाढवायला तुम्ही कचरता कारण तुमच्या बालपणात पैशाविषयीच्या जखमा आहेत, असे तेथे शिकवले जाते. माझा संकोच जखमेतून आलेला नाही. समोरच्या माणसाच्या पगाराचा आकडा मला माहीत असतो, त्यातून तो आला आहे. ज्या जाणिवेला आपण कालपर्यंत विवेक म्हणत होतो तिला विकार ठरवून तिच्यावर इलाज विकणे मला आपल्या पेशाशी केलेली प्रतारणा वाटते.

हिशेबनीस (सनदी लेखापाल, ठाणे)

तात्त्विक वादात न पडता व्यवहारातील थोडे लिहितो. माझ्याकडे येणारे समुपदेशक घरखर्च आणि व्यवसाय एकाच बँक खात्यातून चालवतात, त्यामुळे आपण वर्षभर तोट्यात होतो हे त्यांना विवरणपत्र भरताना कळते. स्वतंत्र खाते उघडावे आणि प्रत्येक सत्राची पावती द्यावी. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाचा खर्च परत देतात, पण पावती नसल्यामुळे तो हक्क बुडतो. जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वार्षिक २० लाखांची आहे, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्या बहुतेकांना ती लागू होणार नाही. उलाढाल त्याच्या जवळ जात असेल तर आरोग्यसेवेला असलेली सूट आपल्या पात्रतेला लागू पडते का, हे आधी तपासून घ्यावे, कारण ती सूट सेवा देणारा कोण यावर अवलंबून असते.

प्रतीक्षालय (क्लायंट, मुंबई)

या चर्चेत खुर्चीच्या दुसऱ्या बाजूचेही कोणी असावे म्हणून लिहीत आहे. वडील गेल्यानंतर मी अकरा महिने एका समुपदेशकांकडे जात होतो. एका रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला की पुढील आठवड्यापासून फी १,००० ऐवजी १,८०० असेल. त्यात एका ओळीत असेही होते की स्वतःमध्ये गुंतवणूक करण्याची आपली तयारी तपासून पाहावी. मला १,४०० परवडले असते आणि विचारले असते तर मी तसे सांगितलेही असते. मात्र तो संदेश वाचल्यावर आपण अकरा महिने ज्या खोलीत रडलो तेथे आपली किंमत पुन्हा मोजली जात आहे असे वाटले आणि मी परत गेलो नाही. त्यानंतर दुसरीकडे जाण्याचेही मन होण्यास दोन वर्षे लागली.

मुळाकाठ यांच्या हिशेबाशी माझे भांडण नाही. घराचे भाडे सर्वांनाच भरावे लागते. मात्र उपचार सुरू असताना फी वाढवायची तर ती प्रत्यक्ष सत्रात, समोर बसून आणि पुरेशी आधी सांगितली पाहिजे.

सीनाकाठ (समुपदेशक, सोलापूर)

गोदाकाठ यांच्या प्रश्नावर मी शोधलेला मार्ग सांगतो. माझी निम्मी सत्रे ऑनलाइन आहेत. पुणे, मुंबई आणि बंगळुरू येथील मराठी माणसांकडून मी १,५०० घेतो आणि त्या जोरावर सोलापुरात ४०० रुपयांत पाहतो. मातृभाषेत बोलता यावे म्हणून परगावची माणसे आनंदाने येतात. परदेशस्थ मराठी लोकांविषयी मात्र एक सावधगिरीची सूचना करतो. अमेरिकेत समुपदेशनाचे परवाने प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते आणि क्लायंट ज्या राज्यात बसला आहे तेथील नियम सामान्यतः लागू होतात, त्यामुळे डॉलरमधील फीच्या मोहाने तिकडची कामे घेण्यापूर्वी विचार करावा.

गोदाकाठ

सीनाकाठ, आपला हेतू चांगला आहे, पण एक विचारते. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळा कोणाला मिळतात? नोकरदार मुंबईकरालाही त्याच हव्या असतात आणि गिरणीतून किंवा दुकानातून सुटलेल्या सोलापूरकरालाही.

सीनाकाठ

प्रश्न वर्मी लागला. संध्याकाळच्या पंधरा वेळांपैकी अकरा ऑनलाइन गेल्या आहेत. आधी त्या सात होत्या.

नवी पाटी (एम. ए., मानसशास्त्र)

'व्यवसायवाढ' या शब्दाविषयी येथे अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. एक माणूस आठवड्याला वीसच सत्रे घेऊ शकत असेल तर त्याची वाढ दोनच मार्गांनी होते: फी वाढवून किंवा इतरांकडून काम करवून. दुसऱ्या मार्गावर मी उभी आहे. पदवीनंतर एका केंद्रात मी क्लायंट पाहत होते. क्लायंट १,५०० भरायचे आणि मला सत्राचे ३५० मिळायचे. खोली, जाहिरात आणि नाव केंद्राचे होते, हे मान्य. पण सुपरव्हिजन देऊ असे सांगून महिन्याला जेमतेम अर्धा तास मिळाला आणि आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या क्लायंटच्या वेळी मी अक्षरशः एकटी होते. त्याआधीच्या इंटर्नशिपसाठी तर मीच पैसे भरले होते.

क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे. आमच्यासारख्या समुपदेशकांसाठी २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात तरतूद झाली, पण अनुभवी माणसाने नवख्याला किती वेळ आणि किती पैसे द्यावेत, हे आजही ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे. ज्येष्ठांनी फीविषयीचा संकोच जरूर सोडावा, परंतु आमचे मानधन ठरवतानाही तीच वही उघडावी.

मुळाकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. नवी पाटी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझ्याकडे कोणी साहाय्यक नाही, पण ठेवण्याचा विचार होता आणि तो करताना मी त्या व्यक्तीच्या सुपरव्हिजनचे तास माझ्या वीस तासांतून वजा केले नव्हते, हे आता लक्षात येते. प्रतीक्षालय यांचा अनुभव वाचून वाईट वाटले. मी वाढ तीन महिने आधी सत्रातच सांगते आणि जुन्या क्लायंटसाठी ती दोन टप्प्यांत करते.

गोदाकाठ यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे. ८५ टक्क्यांची दरी हा सार्वजनिक व्यवस्थेचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली मानस ही १४४१६ क्रमांकाची शासकीय सेवा तिचा एक तुकडा भरून काढते. तेथे आणि जिल्हा रुग्णालयांत प्रशिक्षित माणसे वाढावीत म्हणून मी आपल्याबरोबर निवेदनावर सही करीन. पण पंधरा हजारांत दमलेली समुपदेशक तीन वर्षांनी पेशाच सोडते आणि दरी आणखी रुंदावते. अशा दोघींना मी जाताना पाहिले आहे.

माझ्या पुरते मी असे केले आहे: वीसपैकी चार सत्रे ४०० रुपयांची ठेवली आहेत. म्हणजे वर्षाची ६०० सत्रे १,२०० ची आणि १५० सत्रे ४०० ची, मिळून ७,८०,०००. खर्च वजा जाता महिन्याला ३७,००० उरतात. सवलत नसती तर ४७,००० उरले असते. हे दहा हजार मी जाणीवपूर्वक आणि मोजून देते. पूर्वी किती देत होते हे मलाही माहीत नव्हते.

गोदाकाठ

मोजून देणे मलाही पटते. पण त्या चार जागा कोणाला मिळतात, हे कसे ठरते? आपल्याकडे येणाऱ्याने पहिल्या सत्राआधीच, एका अनोळखी व्यक्तीला, आपण गरीब आहोत असे सांगायचे का? माझ्या अनुभवात जो हे बोलू शकतो तो बहुधा सुशिक्षित विद्यार्थी असतो, आणि ज्याला खरी गरज असते तो फी ऐकून "बघतो आणि कळवतो" म्हणतो आणि फोन ठेवतो. मी फीचे तीन आकडे लिहून ठेवते आणि प्रत्येकाने आपला आपण निवडावा, कारण विचारू नये, असे ठेवले आहे.

मुळाकाठ

तो प्रयोग मी वर्षभर केला. ज्यांना परवडत होते त्यांनी मधला आकडा निवडला आणि घरकाम करणाऱ्या एका बाईंनी स्वाभिमानाने सर्वांत मोठा निवडला. तीन सत्रांनंतर त्या येईनाशा झाल्या. त्यांना मी काय म्हणायला हवे होते, हे मला अजून सुचलेले नाही. आपल्याकडे असे झाले असेल तर सांगावे.

गोदाकाठ

झाले आहे, दोनदा. एकीला मी दुसऱ्या सत्रातच विचारले की हा आकडा दर आठवड्याला भरताना घरातले काय मागे पडेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग मुलाच्या शिकवणीचे नाव घेतले. पुढची चार सत्रे आम्ही त्याविषयीच बोललो, खालच्या आकड्यावर. दुसऱ्या बाईंना मी हे विचारायला उशीर केला होता.