विषय: हानाबीसाठी (जपानी आतषबाजीसाठी) जपानी गाणी – यादी आणि क्रम सुचवा

कार्यक्रम समिती

सर्वांना नमस्कार,

यंदा टोकियोतल्या एदोगावाच्या हानाबीला आपल्या मंडळाचा गट शिनोझाकीच्या बाजूला नदीकाठी बसणार आहे. एरवी हा कार्यक्रम ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असतो, पण तारीख कुयाकुशोच्या (वॉर्ड कार्यालयाच्या) साइटवर पाहूनच रजा टाका. पुढच्या आठवड्यात मुलांसाठी हातात धरायचे फटाके आहेत, त्यात सेन्को हानाबीही (नाजूक जपानी फुलबाजी) आहे. दोन्ही दिवसांसाठी जपानी गाणी हवीत. आतषबाजी सुरू झाली की आपल्या स्पीकरवर गाणी लावावीत, अशी एक सूचना आली आहे. जाणकारांनी मत द्यावे.

फुनाबोरीहून

नमस्कार,

आतषबाजी चालू असताना आपला स्पीकर अजिबात नको. एदोगावाला आयोजकांचं स्वतःचं संगीत असतं. सुरुवातीलाच ५ सेकंदांत १,००० गोळे उडतात आणि पुढचा प्रत्येक भाग ठरावीक संगीतावर बेतलेला असतो. त्यात आपलं गाणं मिसळलं की दोन्हीचा विचका होतो, आणि शेजारच्या ब्लू शीटवरचे (जागा धरायला अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीवरचे) लोक तोंडाने काही बोलणार नाहीत, पण बघतील असे की पुरे.

गाण्यांची खरी वेळ म्हणजे आधीचे दोन-तीन तास आणि नंतरचा परतीचा रस्ता. जागा धरून बसलेलं असताना उडती गाणी लावा. युझुचं ‘नात्सुइरो’ (१९९८) घ्या, मधल्या ओळींत सेन्को हानाबी येते. ‘नात्सु मात्सुरी’ तर हवंच. मूळ गाणं १९९० चं, जित्तेरिन जिनचं, पण बहुतेकांच्या कानात आहे ते व्हाइटबेरीने २०००मध्ये गायलेलं. लहान मुलांना व्हाइटबेरीचंच लावा, ठेका सरळ आहे, टाळ्या बरोबर पडतात. आइकोचं ‘हानाबी’ (१९९९) ऐकायला हलकंफुलकं, पण आत एकतर्फी प्रेमाचं दुखणं आहे. त्यातली मुलगी फटाके खालून नाही, उन्हाळी नक्षत्रांना लोंबकळून वरून बघते.

अंधार पडायला लागला की इनोउए योसुइचं ‘शोनेन जिदाई’ (१९९०). हे एकच गाणं असं आहे की आजूबाजूचे आजी-आजोबाही गुणगुणतील.

गाणी घरूनच डाउनलोड करून आणा. संध्याकाळी नदीकाठी नेटवर्क बसतं आणि स्ट्रीमिंग ऐन कडव्यात अडकतं.

योकोहामाहून

ताई, यादी उत्तम. पण ‘उचिआगे हानाबी’ कशी विसरलात? दाओको आणि योनेझु केन्शी, २०१७. आज कुठल्याही जपानी शाळकरी मुलाला हानाबीचं गाणं विचारा, हेच सांगेल. आणि ते चालू आतषबाजीतच लावायला हवं असं माझं मत. नीगातातल्या नागाओकाच्या हानाबीत ‘फिनिक्स’ हा भाग उडतो तेव्हा हिराहारा आयाकाचं ‘ज्युपिटर’ वाजतंच ना? ओमागारीच्या आतषबाजी स्पर्धेतही ‘सोझो हानाबी’ (कल्पक आतषबाजीचा विभाग) संगीतावरच असते.

फुनाबोरीहून

दादा, तिथे गाण्याला फटाके जुळवलेले असतात, आपण फटाक्यांना गाणं जुळवायला निघालोय. मोठ्या गोळ्याला वर पोचायला लहान गोळ्यापेक्षा काही सेकंद जास्त लागतात. तालावर फुलायला हवा असेल तर तो आधीच सोडावा लागतो आणि हे सगळं संगणकावर आधीच बसवलेलं असतं.

दुसरी अडचण आवाजाची. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ७०० मीटरवर बसलात तर फूल दिसल्यावर धडाका २ सेकंदांनी येतो. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर तोवर ४ ठोके निघून गेलेले असतात. ५ किलोमीटरवरच्या उंच इमारतीच्या गच्चीतून बघणाऱ्याला तर १४ सेकंद. म्हणूनच गच्चीवाल्यांनी गाणं खुशाल लावावं. तिथे आवाज असाही वेगळा पडतो, डोळ्यांपुरतं काहीतरी जुळलं तरी मजा येते. ब्लूटूथच्या उशिराची काळजी करू नका, तो सेकंदाच्या काही अंशांचा.

‘ज्युपिटर’चं म्हणाल तर ते नुसतं गोड वाजतं म्हणून निवडलेलं नाही. नागाओकाच्या भागात ऑक्टोबर २००४मध्ये झालेल्या चुएत्सु भूकंपानंतर तिथल्या लोकांना त्या गाण्याने धीर दिला. पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीसाठी ‘फिनिक्स’ सुरू झालं. नागाओकाचा उत्सवच मुळी १ ऑगस्ट १९४५च्या हवाई हल्ल्यातल्या मृतांच्या स्मरणाशी जोडलेला आहे. २ आणि ३ ऑगस्टला तिथे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून बसावं.

‘उचिआगे हानाबी’ मात्र घेऊ या, अगदी शेवटच्या गोळ्यानंतर. सुरुवातीचा पियानो शांत आहे, धूर विरत असताना शोभतो.

योकोहामाहून

मान्य. ‘उचिआगे हानाबी’ ज्या चित्रपटातलं आहे त्यात मुलं वाद घालतात की बाजूने पाहिलं तर फटाका गोल दिसतो की चपटा. आपली मुलं विचारणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. नेहमीचे गोळे चेंडूसारखे चहूबाजूंनी फुटतात, कुठूनही गोलच दिसतात. हृदय, हसरा चेहरा, मांजर असले आकार सपाट असतात, त्यामुळे बाजूने नुसती रेघ दिसते किंवा उलटं दिसतं. गोळा वर जाताना फिरतो, तोंड कुठे होईल याचा नेम नाही. म्हणूनच तोच आकार दोन-तीनदा उडवतात, एखादा तरी आपल्याकडे तोंड करतो.

परतीसाठी फुजिफॅब्रिकचं ‘वाकामोनो नो सुबेते’ (२००७). वर्षातली शेवटची हानाबी संपल्यानंतरचं रेंगाळणं त्यात आहे. शिनोझाकी स्टेशनच्या जिन्यावर मुंगीच्या पावलाने सरकताना याहून योग्य गाणं नाही, मात्र एका कानात, हेडफोनवर. गर्दी टाळायची असेल तर अलीकडच्या मिझुए स्टेशनपर्यंत चालत जा. झोनचं ‘सीक्रेट बेस’ (२००१) शेवटी लावणार असाल तर जरा विचार करा. शाळा बदलल्यामुळे होणाऱ्या मित्रांच्या ताटातुटीचं गाणं आहे. भारतात परतायला निघालेलं एखादं कुटुंब सोबत असेल तर रडारड ठरलेली.

निशि-कासाईहून

नमस्कार मंडळी,

हातातल्या फटाक्यांबद्दल. मुलं सेन्को हानाबी दिवाळीतल्या फुलबाजीसारखी गोल फिरवतात आणि दोन सेकंदांत लाल गोळी खाली पडते. ती वितळलेल्या राखेची असते, कागदाच्या टोकाला जेमतेम चिकटलेली. धक्का किंवा वारा लागला की संपलं. फटाक्याची दारू जिथे संपते तिथला कागद आधी दोन बोटांनी हलकेच पिळून घट्ट करा. मेणबत्तीवर फक्त टोक पेटवा, मग ४५ अंशांत तिरपी धरा, वाऱ्याकडे पाठ करून. हे कागदी प्रकाराचं झालं. कान्साईकडची (ओसाका-क्योतोच्या भागातली) गवताच्या काडीची असते, ती टोक वर करून तिरपी धरतात.

नीट धरली तर एक काडी अर्धा ते एक मिनिट टिकते. म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला माणशी सहा-सात काड्या ठेवा. पण आवाज अगदी बारीक हवा, नाहीतर ठिणग्यांची चुरचुर ऐकूच येत नाही, आणि मजा तीच तर आहे. ओत्सुका आइचं ‘किंग्यो हानाबी’ (२००४) इथे छान बसतं.

समितीसाठी: प्रवेश फुकट, नफ्याचा हेतू नाही, वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला मानधन नाही, या तिन्ही अटी पाळल्या तर जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या ३८व्या कलमानुसार रेकॉर्ड केलेली गाणी लावायला परवानगी लागत नाही. गाणी ऐकवण्याबद्दल तिकीट लावलंत तर ही सूट जाते, मग जासराककडे (गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे) अर्ज करा. व्हिडिओचं वेगळं. यूट्यूबचा जासराकशी करार आहे, पण तो गीत-संगीतापुरता. मूळ ध्वनिमुद्रण रेकॉर्ड कंपनीचं असतं, तेव्हा सीडीवरचं गाणं मागे जोडून मंडळाच्या चॅनलवर टाकू नका. त्यापेक्षा आपल्याच मुलांकडून गाऊन घ्या.

मुलांचे फटाके जिथे उडवणार त्या आवारात ते चालतात का, किती वाजेपर्यंत, हे जागेच्या कार्यालयात आधीच विचारा. दोन बादल्या पाणी लागेल: एक विझवायला, दुसरी जळक्या काड्या रात्रभर भिजत ठेवायला. सकाळी त्या निथळून जळणाऱ्या कचऱ्यात टाकायच्या.

कार्यक्रम समिती

सर्वांचे आभार. आतषबाजी सुरू व्हायच्या आधी, सात वाजता स्पीकर बंद, हे ठरलं. दुसरी बादली आणायला नाव कोण देतंय?