मदत हवी आहे: एसव्ही-३० (गाळ बसण्याची चाचणी) ७८० आलाय, गाळ खरंच जास्त झालाय का?

खळाळ
सांडपाणी प्रकल्पाची लॉगशीट भरतोय, पण शब्दांतच अडकलोय. एअरेशन टँक (हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववायची टाकी) ५०० घनमीटर, आवक रोज १००० घनमीटर, येणाऱ्या पाण्याचा बीओडी (जिवाणूंना घाण संपवायला लागणारा प्राणवायू) लिटरला २०० मिलिग्रॅम. आजचे आकडे: एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं वजन) लिटरला २६०० मिलिग्रॅम, एसव्ही-३० ७८०, डीओ (विरघळलेला प्राणवायू) ०.६. क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) गाळ पार वर आलाय, पण वरचं पाणी नितळ आहे. आधीच्या पाळीचा शेरा: 'गाळ जास्त, वेस्टिंग वाढवा.' वाढवू का, म्हणजे गाळ जास्त काढून टाकू का?
शिवाय एसव्ही-३० आणि एसव्हीआय एकच का? आरएएस (परत फिरवलेला गाळ) आणि डब्ल्यूएएस (काढून टाकलेला गाळ) दोन्ही क्लॅरिफायरच्या तळातूनच निघतात, मग रकाने वेगळे कशाला? आणि बीओडी असताना सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज) का?

निवळशंख
वेस्टिंगला इतक्यात हात लावू नका. तो शेरा फक्त एसव्ही-३० बघून मारलेला दिसतो.

एसव्ही-३० म्हणजे एक लिटर मिक्स्ड लिकर (एअरेशन टँकमधलं गाळमिश्रित पाणी) अर्धा तास स्थिर ठेवल्यावर गाळाने अडवलेली जागा, मिलिलिटरमध्ये. गाळ वजनाने किती आहे ते त्यातून कळत नाही, ते एमएलएसएस सांगतो. दोन्ही एकत्र आणले की एसव्हीआय: एसव्ही-३० गुणिले १०००, भागिले एमएलएसएस. तुमचा ७८० × १००० ÷ २६०० = ३००. म्हणजे एक ग्रॅम गाळ ३०० मिलिलिटर जागा खातोय. चांगला बसणारा गाळ साधारण ८० ते १५० मध्ये असतो. तुमच्याकडे गाळ जास्त नाही, फुगलाय. हेच ७८० एमएलएसएस ७८०० असताना आले असते तर एसव्हीआय १०० निघाला असता आणि तो शेरा बरोबर ठरला असता.

खात्रीसाठी अर्धा लिटर मिक्स्ड लिकरमध्ये क्लॅरिफायरवरून सांडणारं अर्धा लिटर पाणी मिसळा आणि पुन्हा अर्धा तास ठेवा. आलेल्या आकड्याची दुप्पट ७८० च्या खूप खाली गेली तर गाळ नुसता दाट होता. जवळपास तेवढीच राहिली तर तंतुमय जिवाणू माजलेत.

तुरटीचा खडा
एक भर. ही चाचणी १०० मिलिलिटरच्या अरुंद सिलिंडरमध्ये करू नका. गाळ काचेला धरून राहतो आणि आकडा फुगतो. रुंद तोंडाचं एक किंवा दोन लिटरचं भांडं घ्या, नमुना टाकीवरून आणल्या आणल्या लावा. आणि फक्त तिसाव्या मिनिटाला बघू नका, पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला रेषा टिपा. खरी गंमत तिथेच दिसते.

खळाळ
दोन लिटरच्या भांड्यात दोन्ही नमुने पुन्हा लावले, एक मूळ आणि एक निम्मं पाणी मिसळून. मूळ नमुना ७८० च. पातळ केलेला लिटरमागे ३६० आला.

निवळशंख
दुप्पट ७२०. म्हणजे तंतूच. वर पाणी नितळ असण्याचं कारणही तेच: तंतूंच्या जाळीत बारीक कण अडकतात, पण जाळी दाबली जात नाही.

पहिला संशयित तुमचा डीओ. ०.६ मध्ये तंतुमय जिवाणूंचं फावतं, कारण गुठळीच्या आत प्राणवायू पोचत नाही आणि बाहेर लोंबणाऱ्या तंतूंना मात्र मिळतो. २ पर्यंत न्या. ब्लोअर वाढवण्याआधी डिफ्युजर (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे) तुंबलेत का बघा, आणि डीओ आवक सर्वाधिक असतानाही मोजा. कारखान्याचं पाणी येत असेल तर बीओडी : नायट्रोजन : फॉस्फरस १०० : ५ : १ च्या आसपास आहे का तपासा. आरएएसमध्ये क्लोरीन सोडून तंतू मारता येतात, पण तो तात्पुरता उपाय. मात्रा चुकली तर चांगले जिवाणूही मरतात आणि बाहेर जाणारं पाणी गढुळतं.

आता आरएएस आणि डब्ल्यूएएस. गाळ एकच, वाट वेगळी. परत एअरेशनला गेला तो आरएएस, प्रक्रियेतून कायमचा काढला तो डब्ल्यूएएस. गाळाचं वय, म्हणजे तो सरासरी किती दिवस प्रक्रियेत राहतो, ठरतं ते डब्ल्यूएएसवर. तुमच्या टाकीत ५०० × २.६ = १३०० किलो गाळ आहे. वय १० दिवस ठेवायचं तर रोज १३० किलो काढायचा. पण किती घनमीटर? तळाच्या गाळाची घनता ढोबळमानाने दहा लाख भागिले एसव्हीआय. एसव्हीआय १०० असेल तर लिटरला १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे १३ घनमीटर पुरतात. तुमच्या ३०० ला लिटरला जेमतेम ३३०० मिलिग्रॅम, म्हणून ३९ घनमीटर लागतात. 'रोज अमुक मिनिटं पंप' हा हिशोब इथेच फसतो. प्रत्यक्षात आरएएसचा टीएसएस (लिटरमागे गाळाचं वजन) मोजूनच आकडा धरा.

तुरटीचा खडा
बीओडी-सीओडीचं थोडक्यात. बीओडीला २० अंशांवर पाच दिवस लागतात, सीओडी डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळून त्याच दिवशी मिळतो. रोजचा कारभार सीओडीवर चालवा, बीओडीशी गुणोत्तर अधूनमधून जुळवा. एकाच नमुन्यात बीओडी सीओडीपेक्षा जास्त दिसला तर चाचणी चुकली समजा.

आणि डीओ वाढवल्यावर एका गोष्टीला घाबरू नका. अमोनियाचा नायट्रेट होऊ लागेल. मग एसव्ही-३० ला छान बसलेला गाळ तासा-दोन तासांनी ढेकळं होऊन वर येताना दिसेल. काडीने हलवा, बुडबुडे सुटून तो परत खाली जाईल. हा त्या नायट्रेटपासून बसलेल्या गाळात सुटलेला नायट्रोजन वायू, गाळ फुगल्याची खूण नव्हे. त्यावर उपाय आरएएस वाढवून गाळ क्लॅरिफायरमध्ये कमी वेळ ठेवणं. क्लोरीन तिथे अजिबात नको.