हरिहरेश्वरची क्षेत्रभेट: ओहोटीची वेळ कशी धरायची आणि मुलांकडून काय मोजून घ्यायचं?

भूगोल_माणगाव
नववीच्या बाह्यप्रक्रिया शिकवून झाल्यात. डिसेंबरात माणगावहून एका दिवसाची क्षेत्रभेट हरिहरेश्वर-श्रीवर्धनला न्यायची आहे. ४२ मुलं, ३ शिक्षक. प्रदक्षिणामार्गावरचा तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी झिजवलेला कड्याच्या पायथ्याचा सपाट खडक, दाखवायचाच आहे, पण दिवस कोणता निवडावा? मुलांच्या वहीत काही मोजमापही उतरायला हवं. साधनं म्हणाल तर टेप, मीटरपट्टी आणि होकायंत्र, एवढीच.

खाडीकाठ
सर, आधी तिथी बघा, मग वार. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला ५ ची पाऊणपट पावणेचार. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. माणगावहून येणाऱ्यांना चतुर्थी-पंचमी सगळ्यात सोयीची.

पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत लांब जातं हे खरं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी बाराच्या आसपास, नेमकं सहलींच्या गाड्या पोचतात तेव्हा, उधाणाचं पाणी कड्याला भिडलेलं असतं. अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते, पण ती भांगाची, म्हणजे पाणी फार मागे न जाणारी. मंच जेमतेम उघडा पडतो.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खाली उतरा आणि पाणी फिरायच्या आत वर या. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय नको. १४-१४ चे तीन गट करा. एका वेळी एकच गट मंचावर, आणि एक शिक्षक कायम समुद्राकडे तोंड करून उभा. पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे, भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहिल्याशिवाय गाडी ठरवू नका.

कातळसडा
मंचावर मुलांना क्रम लावू द्या. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात, वरचा आधारहीन खडक कोसळतो, कडा मागे सरकतो, आणि मागे उरतो तो मंच. कड्यापासून मंचाच्या काठापर्यंतची रुंदी टेपने तीन ठिकाणी घ्या. काठाच्या दोन मीटर अलीकडेच थांबायचं.

कड्यावरची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी मात्र थेट लाटांच्या माऱ्याने झालेली नाही, इथे मुलं हमखास चुकतात. खडकाच्या छिद्रांत शिरलेलं खारं पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटे करतात. म्हणजे हे विदारण. एकाच कड्यावर लाटांचं खनन आणि विदारण शेजारी-शेजारी दाखवता येतं, म्हणून ही जागा मला फार मोलाची वाटते.

पुळणवाली
मोजमाप श्रीवर्धनच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर घ्या. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, वरच्या टोकापासून खाली दर २ सेंमीला खूण, मध्ये २ मीटरची दोरी. एक काठी समुद्राकडे, एक जमिनीकडे. जमिनीकडच्या मुलाने समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा त्याच्या काठीला जिथे छेदते, तिथपर्यंत टोकापासूनचं अंतर म्हणजे त्या २ मीटरमधला उतार. मग दोन्ही काठ्या २ मीटर पुढे. आकडे बेरजेने आलेख कागदावर मांडले की पुळणीचा छेद तयार.

बिघडतं ते ओल्या वाळूत काठी रुतल्यामुळे. तळाला लाकडी चकती ठोका. दोरी सैल सोडली तरी आकडे चुकतात. धुरकटामुळे क्षितिज दिसत नसेल तर गवंडी वापरतात तो पाण्याचा पारदर्शक पाइप न्या.

वाळूच्या चिमटीवर लिंबू पिळायला सांगा. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवला की काळे कण चिकटतात; उघडा फिरवलात तर ते काढता काढता नाकी नऊ येतील.

भूगोल_माणगाव
पंचमी धरतो. परतीच्या वाटेवर जांभा खडकही बघायला घ्यावा का?

कातळसडा
घ्याच, वीस मिनिटं पुरतात. जांभ्याच्या आणि काळ्या कातळाच्या सपाट तुकड्यावर प्रत्येकी पेलाभर पाणी ओता, किती मुरलं ते बघा. सिलिका पावसाने झिरपून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, म्हणून रंग तांबडा आणि अंग सच्छिद्र. चिरेखाणीत उतरू नका. कडेचे चिरे निसटतात. रस्त्यालगतचा कापलेला उभा भाग पुरेसा आहे, फक्त गाडी वळणावर उभी करू नका.