टेक्सास: शेजारी तेलविहिरीचं परमिट निघालंय, निम्मे मिनरल राइट्स आमचे. लीजवर सही करावी का?

सातबारा_ते_डीड: कार्न्स काउंटीत (ईगल फोर्ड हा शेल तेलाचा पट्टा) ४० एकर जमीन आहे. डीडप्रमाणे (खरेदीखत) खालचे निम्मे मिनरल राइट्स, म्हणजे तेल-वायूचे हक्क, आमचे, उरलेले निम्मे आधीच्या मालकाने ठेवून घेतलेत. शेजारच्या तुकड्यावर आडव्या विहिरीचं परमिट निघालंय. त्यानंतर दोन पत्रं आली: एक लीजचं (तेल काढायचा हक्क ठरावीक मुदतीसाठी कंपनीला देण्याचं), दुसरं हक्क कायमचे विकत घेण्याचं. सही केलीच नाही तर काय होतं? आणि रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या मालकाच्या वाट्याचा, हिशेब कसा मांडायचा?

लँडमनवाणी: विकत घेण्याचं पत्र आधी बाजूला ठेवा. परमिटची नोंद जाहीर असते आणि ही मंडळी ती बघूनच पत्रं पाठवतात. विहीर सुरू झाल्यावर त्याच हक्कांना जास्त भाव येईल, हे त्यांना ठाऊक असतं. कागदावर ‘लीज’ लिहिलंय की ‘मिनरल डीड’ (हक्कांचं विक्रीखत), तेही नीट वाचा. कधीकधी पत्र लीजचं वाटतं आणि आतला कागद विक्रीचा निघतो.

मग टेक्सासच्या रेलरोड कमिशनच्या साइटवर जा. नावावर जाऊ नका, तेल आणि वायूचं खातं तेच बघतं. तिथे डब्ल्यू-१ (विहीर खणण्याच्या परवानगीचा) अर्ज आणि सोबतचा नकाशा मिळेल. विहिरीचं तोंड शेजारी असलं तरी तिचा आडवा भाग मैल-दोन मैल जातो. तो तुमच्या ४० एकरांखालून जातो का, आणि युनिटची (एका विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनींची) हद्द तुम्हाला आत घेते का, हे बघा.

आत घेत असेल तर गणित सोपं आहे. ४० चे निम्मे म्हणजे २० नेट एकर. युनिट ६४० एकरांचं आणि रॉयल्टी पाव धरली, तर २० ÷ ६४० × ०.२५ = ०.००७८१२५. हाच तुमचा डेसिमल, म्हणजे विक्रीतला वाटा. महिन्याला १२,००० बॅरल आणि ७० डॉलर भाव धरला तर विक्री ८,४०,००० ची, तुमचा वाटा ६,५६२ डॉलर, त्यातून तेलावरचा राज्याचा ४.६ टक्के सेव्हरन्स टॅक्स (उत्पादनावरचा कर) वजा. पण हा पहिल्या काही महिन्यांचा आकडा. शेलच्या विहिरी पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतात, तेव्हा या चेकच्या भरवशावर कर्ज काढू नका.

सातबारा_ते_डीड: हद्दीत येतोय. पण मी अडून बसलो तर?

कलमकसाई: अडवता येणार नाही. दुसऱ्या अर्ध्या हिश्शाच्या मालकाने लीज दिलं असेल तर टेक्सासात कंपनी तुमच्या संमतीशिवायही विहीर खणू शकते. मग तुम्हाला रॉयल्टी नाही, तर खर्च वसूल झाल्यानंतरच्या नफ्यातला हिस्सा मिळतो, आणि तो खर्च लाखो डॉलरचा असतो. विहीर तुमच्या हद्दीबाहेर राहिली तर आणखी वाईट: टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या गार्झा निकालानंतर फ्रॅकच्या (दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याच्या) भेगांनी तुमच्या हद्दीतून तेल ओढलं तरी त्याची भरपाई मागणं जवळजवळ अशक्य. म्हणून सही करा, पण छापील लीजवर नाही.

लोक एकरी बोनसवर (सहीच्या वेळी मिळणारी रक्कम) घासाघीस करतात आणि कलमं तशीच सोडतात. माझं मत उलटं आहे. सगळ्यात महागडे शब्द ‘विहिरीपाशीचा बाजारभाव’. हे ठेवून पुढे ‘कोणतीही वजावट नाही’ असं कलम टाकलंत तरी उपयोग नाही; टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अशीच वाक्यरचना निरर्थक ठरवली होती. गॅस गोळा करणं, दाबणं, वाहून नेणं, सगळा खर्च तुमच्या वाट्यातून जातो. रॉयल्टी ‘प्रत्यक्ष विक्रीच्या एकूण रकमेवर’ असं लिहून घ्या.

दुसरं खोलीचं कलम. साध्या मसुद्यात लीजच्या मूळ मुदतीनंतर उत्पादक थराच्या १०० फूट खालचं तेवढं सुटतं. इथे ईगल फोर्डच्या वर ऑस्टिन चॉक हा दुसरा थर आहे, आणि त्यालाही मागणी असते. वरचे थरही सुटतील असं स्पष्ट लिहिलं नाही, तर एका विहिरीच्या जोरावर सगळं वर्षानुवर्षं अडकून राहतं.

टायटलची वॉरंटी (मालकी हक्काची तुम्ही दिलेली हमी) खोडा. बोनस बँक ड्राफ्टने देत असतील तर सावध: ‘टायटल मंजूर झाल्यावर’ अशी अट असते आणि मधल्या काळात कंपनीचं मन बदललं तर ड्राफ्ट परत जातो. पैसे जमा होईपर्यंत लीज नोंदवायचं नाही, एवढं लिहून घ्या.

तेलतपासनीस: वरच्यात थोडी भर. शेजारी आधीच चालू विहीर असून तुमचा त्यात वाटा असेल, तर नवी विहीर फ्रॅक होताना जुनी बंद ठेवतात. काही आठवडे चेक येत नाही, आणि कधी पाणी शिरून उत्पादन पूर्वीइतकं परत येतच नाही. घाबरण्याआधी कमिशनकडचे मासिक आकडे बघा.

पहिली विक्री ज्या महिन्यात झाली तो संपल्यावर १२० दिवसांच्या आत पहिला चेक यायला हवा. त्याआधी डिव्हिजन ऑर्डर (तुमचा वाटा सांगणारा कंपनीचा कागद) येईल. त्यातला डेसिमल वरच्या गणिताशी ताडून पाहा, जुळला नाही तर सही न करता लेखी विचारा. पण जुळला असेल तर उगाच रोखू नका, सहीअभावी कंपनीला पैसे थांबवता येतात.

उत्पादन सुरू झालं की काउंटीचं मालमत्ता कराचं वेगळं बिलही येतं, ते जंक समजून फेकू नका. रॉयल्टीवर फेडरल करात १५ टक्के डिप्लीशन (साठा संपत जातो म्हणून मिळणारी वजावट) मिळतं, बोनसवर नाही. आणि पुढे भारतात परतून टॅक्सच्या दृष्टीने अनिवासी झालात, तर कंपनीला तसं कळवावं लागतं; मग साधारण ३० टक्के आधीच कापले जातात. ही पद्धत बदलता येते, पण ते सीपीएकडून (अमेरिकेतला सीए) आधीच करून घ्या.