आईने थायरॉइडची गोळी बंद केलीय, व्हिडिओतल्या डॉक्टरांचं ऐकून. किती विश्वास ठेवावा?

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचून जाते, आज लिहायची वेळ आली. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आई ६२ वर्षांची. हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ती कमी काम करते. ११ वर्षं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, चालू होतं. गेले आठ-नऊ महिने ती एका डॉक्टरांचे व्हिडिओ बघतेय. नाव मुद्दाम देत नाही, नाव दिलं की धागा त्यांच्यावर घसरणार आणि माझा प्रश्न राहणार बाजूला. वादग्रस्त आहेत एवढं पुरे. डिग्री खरी आहे, पण प्रॅक्टिस सोडून कैक वर्षं झाली, आता व्हिडिओ, कोर्स आणि स्वतःच्या नावाच्या सप्लिमेंटच्या बाटल्या.

माणूस सरळ सरळ भोंदू असता तर मी इथे आलेच नसते हो. गोची अशी की त्यांचं एक म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. आईचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, हार्मोन कमी पडलं की हा वाढतो) गोळी घेऊनही ७ च्या वर जायचा, आमचे डॉक्टर दर वेळी डोस वाढवायचे, ५० चे ७५ झाले, ७५ चे १००. मग या व्हिडिओवाल्या डॉक्टरांकडून कळलं की थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यात ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर पहिली गोळी पोटातून नीट शोषलीच जात नाही. आई दोन्ही एकत्र घ्यायची! पाच वर्षं!! कुणी विचारलंच नव्हतं. अंतर ठेवलं आणि पुढचा टीएसएच १.८ आला. त्या दिवसापासून आईच्या लेखी तो माणूस देव.

तिची एक वही आहे. प्रत्येक व्हिडिओची तारीख टाकून नोट्स, महत्त्वाचं लाल पेनाने अधोरेखित. पहिल्या पानावर 'कॅल्शियम दुपारी' याला दोन रेघा. आणि मागच्या महिन्याच्या पानावर 'गोळी = कुबडी, हळूहळू सोडायची' यालाही दोनच रेघा. तिच्या दृष्टीने दोन्हीचं वजन सारखं. मला हेच कळत नाहीये की पहिलं खरं ठरल्यावर दुसरं खोटं हे तिला कुठल्या तोंडाने सांगू.

गोळी बंद करून आज १८ दिवस. त्याआधी महिनाभर त्यांचं 'थायरॉइड सपोर्ट' नावाचं सप्लिमेंट चालू होतं, ते अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात तिने स्वतःच जाऊन टेस्ट केली, टीएसएच २.१, फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हार्मोन, पण रेंजमध्ये. दादा म्हणतो बघ, उगाच बोंब मारत होतीस. बाबा काहीच बोलत नाहीत, ते पेपरात डोकं घालून बसतात. पण चारपाच दिवस झाले सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या असतात, आणि काल अंगठी निघेना म्हणून साबण लावायला लागला. ती म्हणते हे डिटॉक्स आहे, त्यांनी सांगितलंय असं होतं म्हणून.

माझंच डोकं फिरलंय का? रिपोर्ट नॉर्मल असताना मी कशाच्या जोरावर भांडू?

निशाचर: डोकं फिरलेलं नाही. माझ्या सासऱ्यांचं झालंय त्यावरून सांगते. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, म्हणजे १८ दिवसांनी पण थोडं उरलेलं असतंच. आणि टीएसएच तर अजून आळशी, डोस बदलला की तो स्थिरावायला ६ ते ८ आठवडे, म्हणून तर डॉक्टर तेवढ्या गॅपने टेस्ट सांगतात. गोळी सोडल्यावर पहिले दोनतीन आठवडे ‘मस्त वाटतंय’ असं बऱ्याच जणांना वाटू शकतं, जुन्या साठ्यावर गाडी चालू असते. अकराव्या-बाराव्या दिवशी काढलेल्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही, दादाला सांगा.

टेस्टट्यूब: लॅबमध्ये काम करतो. ताई, आधी ती बाटली उलटी करून लेबल वाचा आणि बायोटिन (केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन) किती ते बघा. बऱ्याच मशीनवर या टेस्टमध्ये बायोटिनचा डिंकासारखा वापर असतो. रक्तात आधीच बायोटिन भरमसाट असेल तर ते रुमाल टाकून सीट अडवल्यासारखं जागा अडवतं आणि आकडा चुकतो. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. म्हणजे थायरॉइड कमी पडत असलेल्या पेशंटचा रिपोर्ट अगदी देखणा येऊ शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यावर जाहीर इशारा दिला होता. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, केसांच्या गोळ्यांत ५,०००-१०,००० सर्रास. टेस्टच्या आधी किमान २ दिवस बंद हवं, डोस मोठा असेल तर जास्त. लॅबला सांगायचं की हे चालू होतं.

मोकळा_श्वास: सगळे तुटून पडू नका. नवीन बोलणाऱ्याला आधी वेड्यातच काढतात. अल्सर जंतूमुळे होतो म्हणणाऱ्या बॅरी मार्शललाही हसले होते, पुढे नोबेल मिळालं. काकूंना बरं वाटतंय ना, मग झालं.

खडूस_काकू: मार्शलचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. त्याने १९८४ मध्ये जंतू स्वतः प्यायला, स्वतःची एंडोस्कोपी करून घेतली, सगळं छापलं, मग जगभरच्या लोकांनी तपासून बघितलं आणि २००५ ला नोबेल. तो हसणाऱ्यांना म्हणाला, घ्या, तपासा. तुमचे हे डॉक्टर काय म्हणतात, बरं वाटलं तर माझ्यामुळे, सूज आली तर डिटॉक्स. मग चुकलं कधी म्हणायचं ते सांगा ना. आणि नोबेलचंच म्हणाल तर रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगना दोन मिळाली होती, तरी कॅन्सरवर व्हिटॅमिन सी चे मोठे डोस म्हणून ते जे सांगत होते ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने दोनदा तपासलं, १९७९ आणि १९८५ ला निकाल छापले, फायदा दिसला नाही. केवढा हुशार माणूस! एका गोष्टीत बरोबर म्हणून दुसरीतही बरोबर असं नसतं.
धागाकर्ती, तुझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे गं. कॅल्शियमचं अंतर औषधाच्या पत्रकातसुद्धा छापलेलं असतं, त्यांनी शोधलेलं नाही, वाचून दाखवलं. पण दाखवलं, त्याचं श्रेय द्यायचंच, ते नाकारलंस तर आई तुझं पुढचं ऐकणारच नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. लेबल वाचलं आणि खालीच बसले. बायोटिन ५,००० मायक्रोग्रॅम. वर समुद्री शेवाळाचं आयोडीन, आणि 'थायरॉइड ग्लँड्युलर' म्हणजे काय?

टेस्टट्यूब: प्राण्यांच्या ग्रंथीची वाळवलेली पूड. म्हणजे गंमत बघा, हार्मोन नको म्हणून गोळी सोडायची आणि किती ते न मोजलेलं हार्मोन बाटलीतून घ्यायचं. २०१३ मध्ये अशी दहा थायरॉइड सप्लिमेंट्स तपासल्याचा पेपर आहे, नऊमध्ये टी-थ्री, म्हणजे थायरॉइडचंच दुसरं हार्मोन, सापडलं होतं. सगळ्यात असतंच असं नाही, पण लेबलवरून कळणार नाही. आणि मोठ्यांना आयोडीन दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, हाशिमोटोत जास्तीचं उलट त्रास वाढवू शकतं. पापण्या सुजल्यात, तर आजच डॉक्टरांना फोन करा, गोळी परत कशी सुरू करायची ते त्यांना ठरवू द्या. मनाने एकदम १०० नको, त्या वयात हृदयाचं पण बघावं लागतं. फार सुस्ती, थंडी, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर फोन नको, सरळ घेऊन जा.

निशाचर: आणि आईशी बोलताना 'तो फ्रॉड आहे' हे वाक्य टाळा. आम्ही तेच केलं, सासरे चोरून बघायला लागले. त्यापेक्षा विचारा की उद्या टीएसएच वाढला तर त्या व्हिडिओवाल्या डॉक्टरांना फोन करता येतो का?

धागाकर्ती: झालं बोलणं. भांडण नाही झालं, आश्चर्यच. मी वही मागितली आणि कॅल्शियमच्या पानावर म्हटलं की हे त्यांचं खरंच बरोबर होतं, आम्हाला कुणालाच सुचलं नाही. मग तिचाच मोबाइल घेऊन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला. शेवटच्या दोन सेकंदांत बारीक अक्षरात येतं, हा वैद्यकीय सल्ला नाही. तिने चष्मा लावून तीनदा मागे नेऊन वाचलं. म्हणाली, मग नऊ महिने काय सांगत होते?

पण गोळी घेईन असं नाही म्हणाली लगेच. बायोटिन थांबवून टेस्ट पुन्हा करायला तयार झाली, नंतर मी आमच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले रिपोर्टची वाट बघू नका, उद्याच आणा, बाटली पण आणा. यायला तयार आहे. एका अटीवर, वही बरोबर घेणार आणि आत गेल्या गेल्या पहिलं पान उघडून त्यांना विचारणार की हे तुम्ही मला का नाही सांगितलंत.

ते मी तिला विचारू देणार आहे.