फाइल डिलीट करू नका, आधी हे बघा
ठरावीक व्हिडिओ लावले की स्क्रीन काळी होते आणि काही क्षणांत परत येते, म्हणून फाइलच खराब आहेत का, असं तुम्ही विचारलंय; पण हे लक्षण मला फाइलपेक्षा ग्राफिक्स ड्रायव्हरचं (विंडोजकडून ग्राफिक्स कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं) वाटतं. कार्डाने साधारण 2 सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदवहीत) 4101 क्रमांकाची नोंद दिसली तर हेच घडतंय. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्सखाली हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणं) बंद करून तीच फाइल लावा. नीट चालली, तर दोष बहुधा ड्रायव्हरचाच; मग नवा ड्रायव्हर कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या साइटवरूनच घ्या. वरच्या एका उत्तरात सुचवलेला कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा संच) कृपया टाकू नका, गुंता वाढेल. आणि त्रास देणाऱ्या सगळ्या फाइल 10 बिट एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याचा एक प्रकार) आहेत का, तेवढं सांगा.