मदत हवी आहे : डीएनएस चाचणी म्हणते एन्झाइम आहे, २३५ नॅनोमीटरचे मापन म्हणते नाही. कोणावर विश्वास ठेवावा?

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून समुद्रशेवाळातील अल्जिनेटचे (तपकिरी शेवाळांतील चिकट शर्करासाखळीचे) विघटन करणारे जिवाणू शोधणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. फेब्रुवारीत रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर, भरती ओसरल्यानंतर पुळणीवर पडून कुजू लागलेले सरगॅसम मी गोळा केले आणि समुद्राच्या पाण्यात एक टक्का अल्जिनेट व गोठवण्यासाठी अगार घालून केलेल्या प्लेटवर त्याचे धुवण पसरले. त्यातून मिळालेल्या दोन जिवाणूंबद्दल माझा गोंधळ झाला आहे. त्यांना येथे क-४ आणि क-७ म्हणते.

प्लेटवर कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण ओतल्यावर न तुटलेले अल्जिनेट गोठून पांढुरके होते आणि जेथे ते तुटले आहे तेथे पारदर्शक कडे राहते. असे कडे दोघांभोवतीही दिसले. मात्र क-७ ची वसाहत ४८ तासांत अगारमध्ये खाली खचली आणि तिच्याभोवती बशीसारखा खड्डा पडला. अगार हे जेलिडियम, ग्रॅसिलारिया अशा लाल शेवाळांत असते, सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळात नसते. अगार खाणारा जिवाणू ग्रान यांनी १९०२ मध्येच नोंदवला होता, त्यामुळे असा जिवाणू असण्याचे नवल नाही. त्या कुजत्या ढिगात ग्रॅसिलारियाचे तुकडेही असावेत, असा माझा कयास आहे.

खरी अडचण पुढे आली. दोन्ही जिवाणू अगार नसलेल्या द्रवमाध्यमात वाढवून, पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवून, वरचा निवळ भाग मी एन्झाइम म्हणून वापरला. अर्धा टक्का अल्जिनेटसोबत ३० अंशांवर अर्धा तास ठेवल्यावर डीएनएसने (साखळी तुटून सुटी झालेली शर्करेची टोके दाखवणारी रंगचाचणी) दोन्ही नळ्या गडद विटकरी झाल्या, तर उकळलेल्या एन्झाइमची नळी पिवळीच राहिली. अल्जिनेट तोडणारे एन्झाइम, म्हणजे अल्जिनेट लायेज, पाणी घालून साखळी तोडत नाही, तर तोडलेल्या जागी दुहेरी बंध निर्माण करते, आणि हा बंध २३५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, असे आम्ही शिकलो आहोत. म्हणून तेच मिश्रण क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये पाहिले, तर दोन्हींमध्ये वाढ जवळजवळ शून्य. ब्लँकचाच, म्हणजे एन्झाइम न घातलेल्या मिश्रणाचाच, शोषणाचा आकडा १.९ येत होता.

येथे एक गोष्ट कबूल करायला हवी. अल्जिनेट मी विकत न घेता त्याच सरगॅसमपासून काढले आहे : सौम्य आम्लाने एकदा धुऊन, सोडियम कार्बोनेटमध्ये ६० अंशांवर शिजवून, शेवटी अल्कोहोलने साका बसवून. फॉर्मॅलिनची पायरी मुद्दाम टाळली, कारण त्याचा अंश उरून जिवाणूंना बाधेल अशी भीती होती. माझे अल्जिनेट चहाच्या रंगाचे आहे.

आणखी एक निरीक्षण असे की, दहा मिलीच्या पिपेटमधून हे पेजेसारखे दाट द्रावण गळायला ४८ सेकंद घेते. क-४ च्या एन्झाइमसोबत तासभर ठेवल्यावर ते १९ सेकंदांत गळाले, क-७ सोबत ४५ सेकंदांत आणि उकळलेल्या एन्झाइमसोबत ४६ सेकंदांत.

डीएनएसचे आकडे लिहून प्रकरण पुढे न्यावे, असे मार्गदर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही. साखळीच्या टोकाकडून एकेक घटक सोडवणारे लायेज असेल, तर त्यातून निघणारा एकेरी घटक आपोआप रूप बदलून दुहेरी बंध गमावतो आणि २३५ ला दिसत नाही, असे वाचले आहे. माझ्याकडे तसे काही घडत आहे का? की आधी अल्जिनेटवरच संशय घ्यावा?

प्रतिसाद

अल्जिनेटवरच घ्यावा. फॉर्मॅलिन शेवाळातील फिनॉलिक द्रव्यांना बांधून ठेवते. तुम्ही ते टाळल्यामुळे ती द्रव्ये अल्जिनेटमध्ये उतरली आहेत, आणि ती नेमकी याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. ब्लँक १.९ असणे म्हणजे शंभरातला जेमतेम सव्वा भाग प्रकाश पलीकडे पोहोचणे होय, त्यात थोडीशी वाढ कशी दिसणार? प्रयोगशाळेत मिळणारे शुद्ध सोडियम अल्जिनेट ०.१ टक्का घ्या आणि अर्ध्या तासाने एकदाच न पाहता क्युव्हेटमध्येच दर मिनिटाला नोंद घ्या. टोकाकडून खाणाऱ्या लायेजने द्रावणाचा दाटपणा इतक्या लवकर उतरत नाही. क-४ साखळीच्या मध्येच घाव घालतो, हे तुमच्या पिपेटने आधीच सांगितले आहे, आणि अशा साध्या मोजमापावर माझा डीएनएसपेक्षा अधिक विश्वास आहे. क-७ साठी केवळ अगारच्या प्लेटमध्ये खळगा पाडून त्यात एन्झाइम टाका आणि दुसऱ्या दिवशी लुगॉलचे आयोडीन ओता. अगारेज (अगार तोडणारे एन्झाइम) असेल, तर गडद पार्श्वभूमीवर फिके कडे दिसेल. पुढच्या वेळी प्लेट अगारऐवजी गेलन गम या गोठवणाऱ्या पदार्थाची करा, म्हणजे जिवाणू ताटासकट जेवणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. शुद्ध अल्जिनेटवर ब्लँक ०.२१ आला, आणि क-४ चा आकडा दहा मिनिटांत ०.६४ वर गेला. क-७ मात्र सपाटच राहिला आणि लुगॉलमध्ये त्याचे फिके कडे आले. त्याच्याभोवतीचे पहिले कडे, अगारच विरघळल्याने त्यातले अल्जिनेट वाहून गेल्यामुळे दिसले असावे.

एक कोडे मात्र उरतेच. अगार नसलेल्या द्रवमाध्यमातही क-७ वाढला होता आणि माझ्या चहाच्या रंगाच्या अल्जिनेटवर त्याचे डीएनएस गडद आले होते. एकाच आम्लधुण्यात लॅमिनारिन (तपकिरी शेवाळातील साठ्याची शर्करा) पूर्ण निघाले नसेल आणि क-७ त्यावर जगत असेल, अशी शंका आहे. पीएच.डी. करणाऱ्या कोणाकडे चाचणीपुरते, दहा-वीस मिलिग्रॅम लॅमिनारिन असेल, तर कृपया येथे कळवावे. टपालखर्च मी देईन.